न ऐकू आलेली हाक

सुरतेला माणसं साड्या घ्यायला जातात, कामधंदा शोधायला जातात, नाहीतर नुसती खायला जातात. मी गेले ती भाषण करायला, आणि विषय होता माणसाचं माणसाप्रती कर्तव्य. धुळ्यातल्या आमच्या शेजारणीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरं, मग येताना नानखटाई आणा.”

मी तेहतीस वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. कल्पना ही माझी जुनी विद्यार्थिनी. एम.ए.चं पहिलं वर्ष झालं, लग्न ठरलं आणि ती सुरतेला गेली. तिथे ती महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. नवरा हेमंत बँकेत आहे. डिसेंबरात तिचा फोन आला. “मॅडम, माझं दुसरं वर्ष राहूनच गेलं. आमच्या वाचनमंडळात दोन संध्याकाळी बोला. तेवढंच पदरात पडेल.” असं बोलावणं नाकारायची माझी काय बिशाद!

अडाजण, शुक्रवार

जानेवारीतली सुरत मला आधी धुक्यातूनच दिसली. पहाटेची गाडी, डोळ्यांवर झोप, आणि कल्पनाच्या अडाजणमधल्या घराच्या गॅलरीतून समोर पसरलेलं पांढुरकं काहीतरी. ती म्हणाली, “तापी आहे मॅडम, दिसेल हळूहळू.” खरंच, चहाचे दोन कप होईपर्यंत एकेक इमारत, एकेक पूल आणि मग पाणी असं ते शहर कुणीतरी आठवून आठवून मांडल्यासारखं उभं राहिलं. तापी आमचीसुद्धा. शिरपूरकडे जाताना पुलावरून मी ती शेकडो वेळा पाहिली आहे, उन्हाने तापलेली, खडकांतून वाट काढणारी. इथे समुद्र जवळ आल्यावर तिची सगळी घाई संपलेली होती.

संध्याकाळी आम्ही पोंक खायला गेलो. पोंक म्हणजे आपला हुरडाच, पण आपल्याकडे शेतात आगटीभोवती बसून, हात काळे करत खायचा. इथे मांडवाखाली ओळीने दुकानं, कोवळे हिरवे दाणे पाखडून पुढ्यात येतात, बरोबर लिंबू-मिऱ्याची शेव आणि साखरेच्या गोळ्या. ज्वारीवर साखर हे बघून मी नाक मुरडलं आणि तरीही दोन बशा संपवल्या. कल्पना म्हणाली, “मॅडम, मला एकच गोष्ट कळत नाही. कर्तव्य येतं कुठून? म्हणजे मी कबूल करायच्या आधी ते माझं कसं झालं?”

“तेच उद्या सांगायचंय,” मी म्हणाले. तोंडात पोंक होता, आणि उत्तर आपल्याकडे आहे असं मला तेव्हा वाटत होतं.

मंडळाचा हॉल, शनिवार

पन्नासेक माणसं आली होती. बँकेतली, शाळेतली, सरकारी नोकरीतली. मागच्या दोन रांगांत उधना आणि कडोदऱ्याकडच्या कापड कारखान्यांत काम करणारी आमच्या खान्देशातली मंडळी. मी कागद काढले, चष्मा लावला आणि बोलायला लागले.

मी साधारण असं सांगितलं. आपण समजतो की कर्तव्य नियमातून येतं, नाहीतर कबुलीतून. मी शब्द दिला, म्हणून मी बांधली गेले. गेल्या शतकात युरोपातल्या काही विचारवंतांना हे पुरेना. महायुद्धात त्यांनी पाहिलं होतं की नियमाने वागणाऱ्या, कागद चोख ठेवणाऱ्या माणसांनीच इतर माणसांना गाड्यांत भरून मरायला पाठवलं. पुढे ज्यांना उत्तर-आधुनिक म्हटलं गेलं त्यांनी म्हणून सगळ्या मोठ्या, सर्वांना लागू पडणाऱ्या सिद्धांतांवरच अविश्वास दाखवला. मग उरलं काय? त्यांतल्या काहींनी म्हटलं, उरला तो समोरचा माणूस. त्याचा चेहरा. तो समोर येतो तेव्हाच मी बांधली जाते, माझ्या होकाराची तो वाट बघत नाही. आणि हे नवीन नाही, असंही मी सांगितलं. वाळवंटातल्या मेंढपाळांच्या धर्मग्रंथांत परका, विधवा आणि पोरकं मूल यांची काळजी आधी सांगितली आहे. आपल्याकडे दारी आलेल्याला वाढल्याशिवाय गृहस्थाने पानावर बसायचं नाही. ही माणसं कोण, कुठली, हे विचारायची अट कुठेच नव्हती.

बोलताना पहिल्या रांगेतल्या एका माणसाने मला अस्वस्थ केलं. साठीच्या पुढचा, सडपातळ, पांढरा सदरा, डोक्याला टोपी. तो माझ्याकडे पापणी न लवता बघत होता. मी कागदाकडे पाहिलं की त्याच्या कपाळाला आठी पडे. वर पाहिलं की जाई. मला वाटलं, चुकतंय कुठेतरी.

टाळ्या झाल्या, चहा आला, तेव्हा तो पुढे आला आणि एवढ्या मोठ्याने बोलला की सगळा हॉल वळला.

“बाई, तुम्ही खाले देखीसन बोलतस. माले काहीच समजनं नही!”

तुम्ही खाली बघून बोलता, मला काही कळलं नाही. अहिराणी. माझ्या आईची भाषा. प्राध्यापक झाल्यावर मी ती घरात ठेवून दिली होती.

कल्पनाने माझ्या कानाशी सांगितलं, “मॅडम, हे भिका आप्पा. तीस वर्षं लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर होते. त्या आवाजात कान गेले. ओठ बघून ओळखतात.”

मी ओशाळले. चेहऱ्यावर तासभर बोलले होते, कागदात तोंड घालून. ते म्हणाले, “माले एक इचारनं शे.” त्यांना काही विचारायचं होतं, पण हेमंत दोनदा घड्याळाकडे बघून गेला होता, जेवायला लोक थांबले होते. मी हात जोडून, ओठ मोठे हलवत म्हटलं, “आप्पा, उद्या. उद्या नक्की.”

त्यांनी मान हलवली. टोपी सारखी केली आणि निघाले. जिना उतरताना ते पाठमोरे दिसले, तेव्हा मला एकदम वाटलं की हाक मारावी. मग लक्षात आलं, हाक मारून उपयोग नव्हता.

कोसाड, रविवार

रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मी कल्पनाला म्हटलं, “संध्याकाळपर्यंत थांबायला नको. त्यांच्या घरीच जाऊ.”

तिच्या स्कूटरवर मागे बसून मी कतारगाम ओलांडलं, अमरोली ओलांडली. कोसाडला सरकारी वसाहतीच्या इमारती अशा ओळीने उभ्या होत्या की एक पाहिली की सगळ्या पाहिल्यासारख्या. सगळ्यांचा रंग एक, जिने एक, जिन्याखाली झोपलेली कुत्रीसुद्धा एकाच आईची. आम्ही चुकीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर चढलो. दार उघडणाऱ्या बाईने आम्हाला सर्व्हेवाल्या समजून आत बसवलं, घरात माणसं किती, गॅस कुठला हे न विचारता सांगितलं आणि चहा ठेवला. आम्ही सर्व्हेवाल्या नाही हे कळल्यावर ती हसली आणि म्हणाली, “पण चहा तो पीना पडेगा.” प्यायलो. मग तिनेच गॅलरीतून बोट दाखवून आप्पांचं घर सांगितलं.

आप्पांच्या घरात पाऊल टाकलं आणि क्षणभर मी कुठे आले ते कळेना. एका खोलीभर साडी पसरली होती, मोरपंखी रंगाची, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यांच्या पत्नी शेवंताबाई तिच्या काठावर बसून मजुरीवर डिंकाने एकेक चमकता खडा चिकटवत होत्या. खिडकीतून ऊन येत होतं आणि छतावर, भिंतींवर, आप्पांच्या सदऱ्यावर बारीक उजेडाचे ठिपके हलत होते. नदीच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं.

“बठा ताई,” शेवंताबाई म्हणाल्या आणि आमच्यासाठी साडीची एक घडी घालून जागा केली.

मी आप्पांच्या अगदी समोर बसले आणि माझ्या मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हटलं, “काल चुकलं मन्ह. आते इचारा.”

त्यांचा चेहरा उजळला. मग ते सांगू लागले, तेही हळूहळू मराठीत, माझ्या सोयीने.

कडोदऱ्याच्या एका कारखान्यात ते आणि बनमाली शेजारशेजारच्या लूमवर. बनमाली ओडिशाचा, गंजामकडचा. दोघं एकाच खोलीत राहत, डबा एक, बिडी एक. भाषा वेगळी, पण कारखान्यात तसंही कुणाला काही ऐकू येत नसे. सगळं बोलणं हातांनी आणि चेहऱ्याने. तोवर आप्पांचे कान बरेच गेले होते. मालकाला सांगितलं तर काम जाईल, म्हणून त्यांनी सांगितलं नव्हतं. एका दुपारी बनमालीच्या गळ्यातला गमछा लूमच्या पट्ट्यात ओढला गेला. सोडवायला त्याने उजवा हात घातला. आप्पा तीन पावलांवर होते, पाठ करून, तुटलेला धागा जोडत. पलीकडच्या रांगेतला माणूस धावत आला आणि त्याने बटण बंद केलं, तेव्हा पायाखालची थरथर थांबल्यासारखी वाटली म्हणून आप्पा वळले.

बनमालीचा हात कोपराखाली गेला. बरा झाल्यावर तो गावी परतला. याला अठरा वर्षं झाली.

“सगळे म्हणतात, तुझा दोष नाही,” आप्पा म्हणाले. “मालक म्हणाला, पोलीस म्हणाले, ही म्हणते. तुला ऐकूच येत नव्हतं, तू काय करणार? बरोबर आहे. दोष नाही हे मलाही माहीत आहे. पण बाई, दोष नाही, तर मग हे काय आहे?” त्यांनी छातीवर तळहात ठेवला. “हॉलच्या पाटीवर लिहिलं होतं, माणसाचं माणसाप्रती कर्तव्य. ज्याची हाक ऐकूच आली नाही, त्याच्यासाठी ते असतं की नसतं?”

खाली कुठेतरी शिट्टी देत भंगारवाला गेला. कल्पना माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, “आप्पा, मी ज्यांचे विचार शिकवते ते म्हणतात, दोष वेगळा आणि जबाबदारी वेगळी. दोष आपण काही केलं तर लागतो. जबाबदारी दुसरा आहे म्हणूनच असते. आपण ऐकायच्या आधीपासून.”

“ऐको न ऐको?”

“ऐको न ऐको.”

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, मी या माणसाच्या उरावर आणखी एक दगड ठेवला. पण त्यांच्या खांद्यांतला ताठा जरा सुटल्यासारखा झाला. “म्हणजे मी खुळा नाही,” ते म्हणाले. “अठरा वर्षं लोक मला सांगतात की तुला जे वाटतं ते नाहीच.”

मग खरी गोष्ट निघाली. गेल्या दोन वर्षांपासून बनमालीचे व्हिडिओ फोन येतात. आप्पा घेत नाहीत. शेवंताबाई घेतात आणि सांगतात, तो खुशाल आहे, तुमची चौकशी करत होता.

“गोड करून सांगते ती,” आप्पा म्हणाले. “माझी माणसं माझ्यावर माया करतात, म्हणून खोटं बोलतात. फोनमध्ये ओठ तुटक तुटक हलतात, त्याला मिशा आहेत, मला वाचता येत नाही. तुम्ही परक्या. तुम्ही बसाल का माझ्यासमोर? तो बोलेल ते तसंच्या तसं सांगाल? त्याने हाक मारली होती का, तेवढं मला विचारायचं आहे.”

मी हो म्हटलं. माझं परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. ते बदलायचं ठरलं.

निघताना शेवंताबाईंनी मला आत मोरीपाशी नेलं. त्यांच्या बोटांना खडे चिकटलेले होते. “ताई,” त्या हळू म्हणाल्या, “काही वाईट बोलला तर सांगू नका. मी तुमच्या पाया पडते. त्यांना झोप लागत नाही. मी बाजूला झोपते, मला माहीत आहे.”

मी काहीच बोलले नाही. ते गप्प राहणं त्यांनी होकार समजलं, हे मला दिसत होतं, आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

त्या संध्याकाळचं दुसरं भाषण मी कागदाशिवाय केलं. लोकांकडे बघत बोलले, त्यामुळे सारखी थांबत होते, विषय कुठल्या कुठे गेला. एक निवृत्त मुख्याध्यापक आभार मानताना म्हणाले, “आज मॅडमची तब्येत ठीक दिसत नाही.” आप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांना सगळं समजलं असं ते म्हणाले.

कोसाड, सोमवार

दुसऱ्या दिवशी साडी गुलाबी होती. खोलीत गुलाबी उजेड हलत होता. शेवंताबाईंनी ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा केला होता, पण फोन झाल्याशिवाय कुणी जेवणार नव्हतं.

कल्पनाने फोन डब्याला टेकवून उभा केला. मी त्याच्या बाजूला, आप्पांच्या समोर, अशी बसले की त्यांना फोन आणि माझे ओठ दोन्ही दिसावेत. घंटी वाजली. मग अंगण दिसलं, नारळाचं झाड दिसलं, आणि पांढऱ्या मिशांचा एक माणूस, डाव्या हातात फोन धरलेला.

“भिका भाई,” तो म्हणाला.

आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “बनमाली,” ते त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, “उस दिन तूने मेरे को आवाज दिया था क्या?”

बनमाली लगेच म्हणाला, इतक्या लगेच की त्यालाही हे केव्हापासून सांगायचं असावं. “दिया था। दो बार बुलाया, भिका भाई। तुम्हारा पीठ दिखता था।”

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

मी थांबले. शेवंताबाईंचा हात साडीवर होता, चिमटीत एक खडा होता. माझ्यासमोर दोन माणसं होती आणि दोघांचंही मी काहीतरी देणं लागत होते. तेहतीस वर्षं मी फळ्यावर असे पेच मांडले होते, वेगवेगळ्या रंगांच्या खडूंनी. मी सोपं काही बोलू शकले असते. त्याला आठवत नाही म्हणतो, असं. आप्पांना पडताळता आलं नसतं. पण ती हाक बनमालीची होती. तीन पावलांवर पोचायला तिला अठरा वर्षं लागली होती, आणि शेवटच्या हातभर अंतरात ती मी गिळून टाकायची?

“मारली होती,” मी म्हटलं. ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश. “दोनदा. त्यांना तुमची पाठ दिसत होती.”

शेवंताबाईंनी खडा खाली ठेवला. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बनमाली बोलतच होता, आणि मी मागोमाग सांगत होते. खूप वर्षं राग होता. तुला ऐकू येत नाही हे माहीत होतं, तरी राग होता. मनात रोज तुला शिव्या दिल्या. आता राग नाही. तो कधी गेला ते कळलंच नाही, एक दिवस शोधला तर सापडला नाही. म्हणून फोन करायला लागलो. तू घेतला नाहीस तेव्हा वाटलं, आता तू रागावलास.

शेवटचं वाक्य सांगताना मला हसू आलं, आणि रडूही. आप्पा रडत होते. आवाज न करता, तोंड उघडं ठेवून.

मग बनमालीने फोन कुठेतरी टेकवला आणि डाव्या हाताने हवेत काहीतरी केलं. बोटं मिटली, उघडली, मनगट वळलं. मला काही कळेना. आप्पांनी झटकन डोळे पुसले आणि दोन्ही हातांनी उत्तर दिलं. लूमवरची भाषा. त्यांच्यात बराच वेळ काहीतरी चाललं. कधी बनमालीची खूण अर्धी राही, कारण तिला दुसरा हात लागे. ती आप्पा इकडून पुरी करत आणि तो मान डोलावे. मी तिथून उठले तरी कुणाच्या लक्षात आलं नाही.

आम्ही जेवलो. शेवंताबाईंनी मला वाढलं, आग्रहही केला, पण माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना मी म्हटलं, “शेवंताबाई, मला माफ करा.” त्या म्हणाल्या, “तुम्ही आज जाल. रात्री त्यांच्याजवळ मी असणार.”  

धुळे

परत आल्यावर लोकांनी विचारलं, सुरत कशी आहे? मी धुकं सांगितलं, पोंक सांगितला, नानखटाई वाटली. बाकीचं सांगायला जमेना, म्हणून हे लिहायला घेतलं. वर्गात ज्याला मी सिद्धांत म्हणत असे, त्याला आता काय म्हणावं ते मला ठरवता येत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला कल्पनाचा व्हिडिओ फोन आला. ती कोसाडला होती. आप्पा आणि शेवंताबाई दोघं ओडिशाला जाऊन आली होती, अकरा दिवस राहून. फोन शेवंताबाईंनी हातात घेतला, माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “झोपतात आता. घोरतात. मलाच झोप नाही.” आणि हसल्या. मग त्यांनी तो आप्पांसमोर नीट धरला.

मी ओठ मोठे हलवून विचारलं, “आप्पा, तिथे काय केलं अकरा दिवस?”

त्यांनी दोनदा विचारायला लावलं. मग समजलं.

“काही नाही,” ते म्हणाले. “रोज त्याचा भात कालवून दिला. अठरा वर्षं डाव्या हाताने जेवतो तो, त्याला माझी काही गरज नव्हती. पण त्याने मला कालवू दिला.”